स्पेन-पोर्तुगालची ग्रुप टूर: पहिल्यांदाच दोघं निघालात तर

गेल्या वर्षभरात आमच्या सोसायटीतल्या तीन जोडप्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘‘स्पेन-पोर्तुगालला कुठल्या कंपनीने गेलात?’’ मी कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. लिस्बन, सेविया, कोर्दोबा, ग्रानादा, माद्रिद, बार्सिलोना ही गावं सगळेच दाखवतात. त्या दहा-बारा दिवसांत तुम्ही बॅग किती वेळा भरता, यावर सहल कशी होणार ते ठरतं. म्हणून जो कोणी विचारेल त्याला मी पेन्सिल घेऊन बसायला सांगते.

आधी पत्रक वाचायला शिका

चार कंपन्यांची पत्रकं डायनिंग टेबलवर पसरा. फोटो बघू नका. प्रत्येक दिवसापुढे फक्त एक गोष्ट लिहा: रात्री कुठे झोपणार. आमचा हिशेब असा होता: लिस्बन ३, सेविया २, ग्रानादा १, माद्रिद २, बार्सिलोना ३. अकरा रात्री, पाच हॉटेलं. दुसऱ्या एका पत्रकात नऊ रात्रींत सात हॉटेलं होती आणि ते दहा हजारांनी स्वस्तही होतं. ‘जास्त गावं, कमी पैसे’ म्हणून नवरा त्यावर खूश झाला होता. पण एका रात्रीचा मुक्काम म्हणजे काय ते बघा. संध्याकाळी सहाला बस पोचते, हॉटेल गावाबाहेर हमरस्त्यालगत असतं, साडेसातला जेवण, आणि सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर. ते गाव तुम्ही पाहिलेलं नसतं, तिथे फक्त आंघोळ केलेली असते. एका रात्रीचे मुक्काम दोनपेक्षा जास्त असतील तर ते पत्रक बाजूला ठेवा.

नंतर क्रियापदं तपासा. ‘आत जाऊन पाहू’, ‘बाहेरून पाहू’, ‘फोटो स्टॉप’ आणि ‘शहराचं ओझरतं दर्शन’ हे चार वेगळे प्रकार आहेत आणि पैसे फक्त पहिल्यात खर्च होतात. राजवाडे नि स्टेडियमं बाहेरून पाहिली तरी चालतील. तीन ठिकाणी मात्र आत जायलाच हवं: ग्रानादाचं अल्हाम्ब्रा (किल्ला, राजवाडे आणि बागा), कोर्दोबाची मस्जिद-कॅथेड्रल आणि बार्सिलोनाचं सग्रादा फामिलिया चर्च. त्यातही अल्हाम्ब्राबद्दल ई-मेलवर लेखी विचारून घ्या: ‘‘नस्रिद राजवाडे (तिथल्या जुन्या मुस्लिम राजघराण्याचे महाल) धरून तिकीट आहे का?’’ कारण बागा आणि किल्ल्यापुरतं वेगळं तिकीटही असतं, आणि तेवढ्यावर ‘अल्हाम्ब्रा आतून पाहिलं’ असं म्हणता येतं. सिंहांचं कारंजं आणि छतांचं ते कोरीवकाम सगळं नस्रिद राजवाड्यांत आहे.

तिसरा प्रश्न प्रवासाचा. माद्रिद ते बार्सिलोना सहाशे किलोमीटरच्या वर आहे. वेगवान रेल्वेने तीन तासांच्या आत-बाहेर, बसने अख्खा दिवस. वाटेत सारागोसाला जेवण आणि तिथल्या मोठ्या चर्चपुढे एक फोटो. ज्या कंपनीच्या दरात रेल्वे आहे तिला मी दहा हजार जास्त देईन.

ऋतूचं थोडक्यात: एप्रिल ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेविया-कोर्दोबा चाळिशी पार करतात. विदर्भातल्या माणसाला त्यात नवल नाही, पण विदर्भातला माणूस दुपारी दोनला किल्ले बघत फिरत नाही.

व्हिसा: कंपनी भरते, पण तपासायचं तुम्ही

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच. तो ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाचा घ्यायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरता त्याचा. आमच्या आठ रात्री स्पेनमध्ये होत्या, म्हणून विमान लिस्बनला उतरणार असूनही अर्ज स्पेनचा. हा अर्ज बीएलएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जातो. पोर्तुगालचा असता तर व्हीएफएस या तशाच दुसऱ्या कंपनीकडे गेला असता. फॉर्म कंपनी भरेल, पण बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला जावंच लागतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर ते बहुधा पुन्हा वापरले जातात.

प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कमीत कमी पंधरा दिवस आधी हा नियम झाला, पण त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. मे महिन्यात निघायचं असेल तर अर्ज भरण्यापेक्षा अपॉइंटमेंट मिळणं कठीण जातं. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला.

आपल्याकडे नेहमी अडतं ते नावांवर. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, पॅनवर मधलं नाव गायब. असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा आणि विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. कंपनीने भरलेल्या फॉर्मची प्रत मागवून दोघांनी एकमेकांची तपासावी. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. माझी जन्मतारीख बरोबर होती, पण जन्मगाव ‘सातारा’ऐवजी ‘सतना’ झालं होतं.

ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे: पासपोर्टवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. तुम्ही आखाती देशांतून गेलात तर हे लिस्बनला होईल, फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमधून गेलात तर तिथेच. दुसऱ्या पर्यायात पुढच्या विमानापर्यंत अडीच-तीन तास तरी हातात हवेत. तसे आहेत ना, ते तिकीट छापून येण्याआधी विचारा.

पैसे

परदेशी सहलीच्या बिलात जीएसटी असतो आणि त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलत राहतो, म्हणून आकडा कंपनीकडून ताजा घ्या. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरताना वळती करता येते किंवा परत मिळते. फक्त ती ज्याच्या पॅनवर कापली त्यालाच मिळते, तेव्हा बिल कोणाच्या नावावर करायचं हे आधी ठरवा.

तिकडे खर्चाला दोन कार्डं न्या, एक तुमच्याकडे, एक जोडीदाराकडे, कधीही एका पाकिटात नाही. यंत्र विचारतं, ‘रुपयांत घेऊ की युरोत?’ नेहमी युरो दाबा. रुपये दाबले की दर यंत्राचा मालक ठरवतो. रोख फार लागत नाही, पण एक-दोन युरोंची नाणी पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवा. स्वच्छतागृहाच्या फिरत्या दांड्यापुढे उभं राहून पन्नासची नोट काही कामाची नाही.

दरात काय धरलेलं नाही त्याची यादी शेवटच्या पानावर बारीक टायपात असते. त्यात ड्रायव्हर-गाईडची टिप आणि शहराचा पर्यटन कर सापडतो. लिस्बनला तो माणशी, रात्रीला ४ युरो आहे. दोघांच्या तीन रात्री म्हणजे २४ युरो.

बॅग

आधी बूट. लिस्बनच्या पदपथांवर चुनखडीचे लहान चौकोनी दगड बसवलेले असतात, आणि वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते साबणासारखे गुळगुळीत झालेत. पाऊस पडला की आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांची चाल लग्नातल्या सप्तपदीसारखी झाली. नवे बूट नेऊ नका. महिनाभर रोज तासभर घालून चाललेले न्या, रबरी तळव्याचे. अल्हाम्ब्रा म्हणजे तीन तास पायी, लिस्बनजवळचं सिन्त्रा म्हणजे चढ. माद्रिदजवळच्या तोलेदोला मात्र डोंगराच्या पोटातून वर नेणारे सरकते जिने आहेत.

तिकडच्या प्लगला दोन गोल पिना लागतात. फोनचा दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, तीन पिनांचा नाही. एक अ‍ॅडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन नेलं की दोघांचं भागतं. खोलीत किटली असेलच असं धरू नका, लहानशी घरून न्या.

खाऊचं नीट ऐका. युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, चीज घरीच. चिवडा, भाकरवडी, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, थेपले खुशाल न्या. चहापत्ती न्या, दूध तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. आणि मे महिना असला तरी आंबे नेऊ नका, त्यांना कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं. गंमत म्हणजे ज्या अफोन्सू द आल्बुकेर्कवरून ‘हापूस’ हे नाव आलं, त्याचा पुतळा लिस्बनच्या बेलें भागात उंच खांबावर उभा आहे. त्याच्या देशात त्याच्या नावाचं फळ तुमच्या पिशवीतून जाऊ शकत नाही.

लिस्बन: इथे घाई करू नका

सहलीत लिस्बनला ‘सुरुवातीचं गाव’ समजून उरकतात. झोप झालेली नसते, घड्याळ साडेचार तास मागे गेलेलं असतं (हिवाळ्यात साडेपाच), आणि गाईड बेलेंमध्ये नेऊन एका दमात तीन इमारती दाखवतो. तरी मराठी माणसाने डोळे उघडे ठेवावेत असं हे गाव आहे. बेलेंच्या किनाऱ्यावरून ८ जुलै १४९७ला वास्को द गामा निघाला आणि पुढच्या मेमध्ये कालिकतला पोचला. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये दारातून आत शिरल्यावर लगेच त्याची दगडी कबर आहे. पोर्तुगीजांनी वसई १५३४मध्ये घेतली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती परत घेतली. गोवा तर १५१० ते १९६१. बसमध्ये गाईड ‘शोधांचं सुवर्णयुग’ म्हणत असताना मागच्या सीटवरचे वसईचे एक काका हळूच म्हणाले, ‘‘आमच्या किल्ल्याचे दगड मोजायला या म्हणावं.’’

पण मला मजा आली ती सुपरमार्केटमध्ये. पहिल्या मोकळ्या तासात दोघांनी एखाद्या साध्या किराणा दुकानात शिरा आणि पाट्या वाचा. बटाट्यांवर ‘बताता’. अननसावर ‘अनानाश’. काजूवर ‘काजू’. साबणाच्या कप्प्यावर ‘साबाव’सारखं काहीतरी अनुनासिक, आणि पावाला ‘पांव’. चावी, बिजागरी, घमेलं, इस्त्री, नाताळ, पगार हे सगळं याच भाषेतून आपल्या घरात आलं. रिसेप्शनवर खोलीची किल्ली मागताना मी ‘चावी’ म्हटलं आणि त्या मुलीने न विचारता दिली. ती तिला ‘शाव्ह’ म्हणते, एवढाच फरक.

आभार मानताना बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं, पुरुषाने ‘ओब्रिगादू’. हे दोघांनी एकदा पाठ करा, दुकानदाराच्या कपाळावरची आठी जाते.

इथल्या २८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅमचा फोटो जरूर काढा, पण भर दुपारी आत चढू नका. बसायला जागा मिळत नाही आणि पाकीटमारांना ती फार आवडते.

लिस्बनहून सेवियाला निघालात की सीमेवर कोणी थांबवत नाही, नदीवरचा पूल ओलांडला की स्पेन. फोन आपोआप तासभर पुढे जातो, मनगटावरचं घड्याळ नाही. दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा खाली येणारं एक जोडपं प्रत्येक ग्रुपमध्ये असतंच.

जेवण, विशेषतः शाकाहारी

बहुतेक रात्री कंपनी भारतीय हॉटेलात नेते. पनीर, पिवळी डाळ, जिरा राईस, गुलाबजाम. पाचव्या दिवशी त्या पनीरकडे बघवत नाही. स्पॅनिश माणूस दुपारी दोननंतर जेवतो आणि रात्री नऊनंतर, आपण साडेसातला जेवून झोपतो. त्यामुळे स्पेनची संध्याकाळ ग्रुपला दिसतच नाही. निदान दोन रात्री टूर मॅनेजरला सकाळीच सांगून जेवण सोडा आणि दोघंच बाहेर पडा.

शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नका. स्पेनमध्ये ‘मांस नको’ म्हटलं तरी डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या, म्हणजे खामोन, ताटात येऊ शकतात. त्या म्हणे चवीपुरत्या. म्हणून तिन्ही म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’. मिश्र सॅलडवर ट्यूना मासा आणि अंडं पसरलेलं असतं. कोर्दोबाचं सालमोरेखो हे टोमॅटोचं दाट गार सूप सुरेख लागतं, पण वर अंड्याचे आणि खामोनचे तुकडे भुरभुरवतात, ते आधीच नको म्हणा. पोर्तुगालचं हिरवं सूप ‘काल्दु व्हेर्द’ बघून आळूच्या फतफत्याची आठवण होते, आणि त्याच्या तळाशी सॉसेजची चकती निघते.

बिनधास्त काय खायचं? गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं पातळ गार सूप. टोमॅटो चोळलेला भाजका पाव. पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, ज्यांत बहुतेक गोड आणि एखादीच झणझणीत निघते. तोपर्यंत ‘ही कसली मिरची’ म्हणणाऱ्या माझ्या कोल्हापुरी नवऱ्याला तीच मिळाली आणि मला दोन मिनिटं शांतता. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, म्हणजे ‘तोर्तिया’, कुठल्याही बारमध्ये मिळतं. आणि तसंच, अंडं चालणाऱ्यांना लिस्बनला ‘पाश्तेल द नाता’. बेलेंच्या प्रसिद्ध दुकानात हे कस्टर्ड टार्ट १८३७पासून बनतात. रांग लांब दिसते, पण ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला जागा मिळते का ते बघून या. वर दालचिनी भुरभुरवून गरम खायचे.

एक सावधगिरी पोर्तुगालमधली: टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणाला राग येत नाही.

बस, ग्रुप आणि वेळ

युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, दिवसाचे तास ठरलेले असतात आणि रोजची विश्रांतीही. गाडीतल्या यंत्रात सगळं नोंदतं. तेव्हा ‘‘जरा दहा मिनिटं वळसा घालून दाखवा ना’’ हा आग्रह तिथे चालत नाही. तुमच्या वीस मिनिटांच्या उशिराने शेवटचं स्थळ रद्द होऊ शकतं, आणि मग ग्रुप तुमच्याशी बोलत नाही. जागा रोज फिरत्या असतात. बसमधलं शौचालय बहुतेक बंदच ठेवतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर गरज नसली तरी जाऊन या.

अल्हाम्ब्राच्या दिवशी पासपोर्ट अंगावर हवा. तिकिटं नावानिशी असतात आणि नस्रिद राजवाड्यांची वेळ ठरलेली. ती चुकली तर तिकीट गेलं. नवऱ्याने पासपोर्ट ‘सुरक्षित राहावा म्हणून’ मोठ्या बॅगेत ठेवला, बॅग बसच्या पोटात आणि बस पार्किंगला. बाकीचे रांगेत, मी दारात आणि हे बसच्या दिशेने धावताहेत. परत आले तेव्हा आमच्या वेळेला सहा मिनिटं उरली होती. त्या सहा मिनिटांत मी काही बोलले नाही. संध्याकाळी बोलले.

चोरीमारीचं: बार्सिलोनाचा रांब्ला रस्ता आणि मेट्रो, माद्रिदचा सोल चौक इथे पर्स पोटावर घ्या, फोन टेबलावर ठेवू नका. ग्रानादा आणि सेवियाच्या कॅथेड्रलजवळ बायका हातात रोझमेरीची डहाळी कोंबतात, हात बघतात आणि पैसे मागतात. हात खिशात, मान हलवून पुढे. काही झालंच तर ११२, दोन्ही देशांत. औषधं लागली तर हिरव्या क्रॉसची पाटी शोधा, पण नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत न्या.

दोघांसाठी

हॉटेलच्या ‘डबल’चा अर्थ बऱ्याचदा दोन सुटे पलंग जोडून ठेवलेले असा असतो. मधली फट रात्री वाढते. हवं तसं आधी कळवा, मिळेलच असं नाही.

सग्रादा फामिलिया १८८२पासून बांधतायत. त्याचा वास्तुकार गाउदी १९२६मध्ये ट्रॅमच्या धक्क्याने गेला. गाईड कानातल्या यंत्रातून हे सगळं सांगेल. ते संपलं की यंत्र काढा आणि उरलेला वेळ बाकावर नुसते बसा. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड पडतो, दुपारनंतर पश्चिमेच्या काचांतून लाल-केशरी. म्हणून तुमच्या ग्रुपला कुठली वेळ दिली आहे ते बघा. दुपारची असेल तर नशीब समजा.

माद्रिदला प्रादो संग्रहालय कार्यक्रमात नसेल तर संध्याकाळी मोकळ्या वेळात जा. बंद होण्याआधीचे दोन तास प्रवेश फुकट असतो. रांग असते, पण सरकते. जेवण सोडायच्या दोन रात्रींपैकी ही एक.

परतीला

स्पेनमधल्या खरेदीवर कराचा परतावा मिळतो आणि त्यासाठी किमान रकमेची अट नाही. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा आणि विमानतळावर यंत्रापुढे स्कॅन करायचा. बॅग विमानाला देण्याआधी करा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. ऑलिव्ह तेलाची बाटली हातातल्या सामानात चालत नाही. ती मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, आणि वरून नवऱ्याच्या पंचात गुंडाळायची. आमची एक फुटली, तेव्हा पंचाच कामी आला. अजून त्याला ग्रानादाचा वास येतो.